फिल्मचे स्कॅनिंग आणि हिस्टोग्रामची साक्ष

जुन्या छायाचित्रांच्या फिल्म स्कॅन करून संगणकात साठविण्याचे काम आता केवळ छायाचित्रकारांपुरते राहिलेले नाही. ग्रंथालये, वस्तुसंग्रहालये, हस्तलिखितांचे संग्रह, इतकेच नव्हे तर बोलींची पाहणी करणारे आमच्यासारखे विद्यापीठीय विभागही ते करू लागले आहेत. हे काम हाती घेणाऱ्यास पहिल्याच दिवशी एक नियम सांगण्यात येतो. पडद्यावर डोंगरासारखा एक आलेख उमटतो व त्याच्या तळाशी तीन लहान त्रिकोण असतात. डोंगर जेथे सुरू होतो तेथे डावा त्रिकोण आणावा, तो जेथे संपतो तेथे उजवा आणावा आणि मधला नजरेला बरे दिसेल तसा सरकवावा; एवढे केले म्हणजे चित्रातील काळे ते काळे व पांढरे ते पांढरे होऊन सर्व छटा आपापल्या जागी बसतात, अशी ह्या नियमामागील समजूत आहे. प्रस्तुत लेखात ह्या समजुतीची तपासणी करावयाची आहे. नियम सर्वस्वी चुकीचा आहे असे माझे म्हणणे नाही. ह्या आलेखाला जे ठाऊक असू शकत नाही ते त्याला विचारले जाते आणि त्याचे उत्तर पुढे पुरावा म्हणून चालते, हा माझा आक्षेप आहे.

ह्या प्रश्नाकडे माझे लक्ष वेधले गेले ते एका साध्या नोंदीमुळे. २००४ साली दक्षिण कोकणात बोलीच्या पाहणीसाठी फिरत असताना एका घराच्या स्वयंपाकघरात संध्याकाळी मी ध्वनिमुद्रण केले व त्याच वेळी कृष्णधवल फिल्मवर काही छायाचित्रे घेतली. खोलीत चुलीचा जाळ आणि रॉकेलची एक चिमणी एवढाच उजेड होता. घरातील वृद्ध बाई चुलीपुढे बसून माळ्यावरील टोपल्यांची नावे सांगत होत्या. माळा काळोखात बुडालेला असल्यामुळे काही नावे त्यांनी आठवणीनेच सांगितली. एका टोपलीविषयी खात्री होईना तेव्हा नातवाला चिमणी वर धरावयास सांगितले. पुढे ह्या ध्वनिमुद्रणातील दर्शक सर्वनामांचा विचार करताना, बोलणाऱ्यास ती वस्तू त्या क्षणी दिसत होती की नव्हती, हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटला व त्याच्या आधारे मी काही अनुमानेही बांधली. कित्येक वर्षांनी ती फिल्म एका व्यावसायिक केंद्राकडून स्कॅन करून घेतली. आलेल्या चित्रात माळ्यावरच्या टोपल्या एकेक करून मोजता येत होत्या. काजळीने काळवंडलेल्या भिंती करड्या झाल्या होत्या आणि चिमणीची ज्योत कागदाच्या कपट्यासारखी पांढरी व सपाट दिसत होती. वर्णनपत्रके भरणाऱ्या विद्यार्थ्याने ह्या चित्रापुढे ‘स्वयंपाकघर, दिवसा’ असे लिहिले; शिवाय, माळा इतका स्पष्ट दिसत असताना बाईंना तो दिसत नव्हता हे कशावरून, असा प्रश्नही मला विचारला. प्रश्न रास्त होता. त्याच्या पुढ्यात जो पुरावा आला तो त्याने नीट वाचला होता. केंद्राकडे चौकशी करता असे उत्तर मिळाले की, चित्रात कोणताही फेरफार केलेला नाही, केवळ हिस्टोग्राम पाहून पातळ्या लावल्या आहेत.

ह्या ‘केवळ’चा अर्थ पाहिला पाहिजे. हिस्टोग्राम ही संज्ञा कार्ल पिअर्सन ह्या संख्याशास्त्रज्ञाने १८९५ मधील आपल्या छापील लेखनात वापरली. आपल्याकडील गणिताच्या पाठ्यपुस्तकांत तिच्यासाठी ‘आयतालेख’ हा शब्द आहे. आठ बिटांच्या चित्रात शून्य म्हणजे काळे व २५५ म्हणजे पांढरे अशा २५६ पातळ्या असतात. प्रत्येक पातळीचे किती पिक्सेल चित्रात आहेत ते मोजावयाचे व तितक्या उंचीचा स्तंभ उभा करावयाचा, की आयतालेख तयार झाला. भाषेच्या अभ्यासकास ही रीत परिचयाची आहे, कारण शब्दांच्या वारंवारतेची कोष्टके आपण करतोच. अशा कोष्टकावरून एखाद्या ग्रंथात ‘आणि’ किती वेळा आला व ‘परंतु’ किती वेळा आला हे समजते. कोणते विधान कोणत्या विधानाला जोडले आहे हे समजत नाही. ग्रंथातील सारे शब्द कातरून टोपलीत घातले आणि ढवळले तरी कोष्टक तेच राहील. चित्रातील पिक्सेलही असेच ढवळता येतील. चेहरा, भिंत, आकाश सारे नाहीसे होऊन नुसती वाळू उरेल आणि हिस्टोग्राममध्ये तिळभरही फरक पडणार नाही. म्हणजे किती ह्या प्रश्नाचे उत्तर तो चोख देतो. कोठे आणि काय हे त्याच्या कक्षेबाहेरचे प्रश्न होत.

डॉरोथिआ लँग हिने १९३६ च्या आरंभी कॅलिफोर्नियातील निपोमो येथे घेतलेले स्थलांतरित मातेचे छायाचित्र सर्वज्ञात आहे. त्याच्या मूळ निगेटिव्हमध्ये उजव्या कोपऱ्यात खाली, तंबूचा खांब धरलेल्या हाताचा अंगठा होता. १९३९ च्या सुमारास लँगने तो निगेटिव्हवरून पुसवून घेतला. अंगठा असलेली जुनी मुद्रिते मात्र आजही पाहावयास मिळतात. ह्या फेरफाराने सरकारी संग्रहातील एका दस्तऐवजाच्या प्रामाण्याचा वाद उभा राहिला. परंतु अंगठ्याने व्यापलेले क्षेत्र चित्राच्या मानाने इतके अल्प आहे की, आधीच्या व नंतरच्या प्रतींचे आयतालेख शेजारी ठेवले तर त्यांवरून काही पुसले गेले आहे असा संशयही कोणास येईलसे वाटत नाही. उलट, संपूर्ण चित्र किंचित उजळले, ज्यामुळे दस्तऐवज म्हणून काहीच बिघडत नाही, तरी सारा डोंगर उजवीकडे सरकतो. लहान फरक मोठा दिसावा व मोठा फरक दिसूच नये, असे हे साधन आहे.

आता फिल्मच्या बाजूने पाहू. फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो चार्ल्स ड्रिफिल्ड ह्या दोघांनी १८९० साली, फिल्मवर पडलेला प्रकाश व त्यामुळे निर्माण होणारी घनता ह्यांचा संबंध एका वक्ररेषेने दाखविला. फिल्ममधून दशांश प्रकाश पार होत असेल तर घनता १, शतांश होत असेल तर २, सहस्रांश होत असेल तर ३, अशी ही लॉगॅरिदमची मोजणी आहे. वक्ररेषेचा आरंभीचा भाग पसरट असतो, त्यास पायथा म्हणू. मधला भाग जवळजवळ सरळ चढतो. शेवटी खांद्यापाशी चढ पुन्हा मंदावतो. दृश्यातील गडद सावल्या निगेटिव्हच्या पायथ्यावर येतात आणि तेथे त्यांच्यातील अंतरे आकसतात. तात्पर्य, स्कॅनरपुढे येण्यापूर्वीच फिल्मने छटांची एक मांडणी केलेली असते आणि ती मांडणी समप्रमाण नसते. त्रिकोण सरकवून टोके ताणताना आपण जणू कच्च्या मालावर पहिलाच संस्कार करीत आहोत असे वाटते, ते खरे नव्हे.

स्कॅनर प्रकाश मोजतो, घनता नव्हे. आणि येथे आणखी एक गुंता आहे. मोजलेला प्रकाश जसाच्या तसा, समप्रमाणात, आठ बिटांत लिहिला तर कोऱ्या फिल्मला २५५, घनता ०.३ ला सुमारे १२८ आणि घनता २ ला जेमतेम २ किंवा ३ हे अंक मिळतात. निगेटिव्हमध्ये कोरी फिल्म म्हणजे दृश्यातील काळोख. अर्थात निम्म्या पातळ्या काळोखातल्या काळोखावर खर्ची पडतात आणि उजेडातील सारे बारकावे उरलेल्या काही पातळ्यांत कोंबले जातात. म्हणून २.२ सारखा गॅमा लावून अंक बदलून घेतात. मग घनता २ ला सुमारे ३१ हा अंक येतो. निगेटिव्ह तेच, स्कॅनर तोच, परंतु ह्या दोन लेखनांचे आयतालेख एकमेकांस ओळख देणार नाहीत. मार्गदर्शक पुस्तकांतून ‘चांगल्या’ हिस्टोग्रामचा आकार असा असावा नि तसा असावा असे जे सांगितले जाते, ते वाचताना हे स्मरणात ठेवावे. डोंगराचा आकार हा निगेटिव्हचा गुण नसून निगेटिव्ह ज्या लिपीत उतरविले त्या लिपीचाही तो गुण आहे.

बिटांच्या संख्येविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. आठ बिटांत शंभर पातळ्या व्यापणारे चित्र २५६ पातळ्यांवर ताणले तर १५६ पातळ्या रिकाम्या राहतात आणि आयतालेख फणीसारखा दिसू लागतो. सोळा बिटांत ६५,५३६ पातळ्या असल्याने हा दोष जाणवत नाही. इतके मात्र सांगितले पाहिजे की, बहुतेक सपाट स्कॅनरांत स्कॅन करतेवेळी सरकविलेले त्रिकोण हे वाचन झाल्यानंतर केलेले गणितच असते. त्याने फिल्ममधून अधिक प्रकाश येत नाही. निकॉनच्या कूलस्कॅन यंत्रांतील ‘अ‍ॅनालॉग गेन’सारखी सोय ह्याला अपवाद होय, कारण तेथे प्रत्यक्ष प्रकाशाचीच मात्रा बदलते.

नियमाचा खरा कच्चा दुवा टोकांपाशी आहे. डोंगर जेथे संपतो तेथे चित्रातील सर्वांत उजळ वस्तू असणार, असे आपण गृहीत धरतो. परंतु निगेटिव्हवर बसलेला धुळीचा कण प्रकाश अडवितो आणि पॉझिटिव्ह चित्रात पांढरा दिसतो. त्यामुळे उजव्या टोकाची ती बारीक शेपटी म्हणजे पुष्कळदा ढग नसतो, बाईंचे लुगडे नसते, धूळ असते. फिल्मच्या थरावर खोल ओरखडा असेल तर तेथे प्रकाश मोकळा जातो व डाव्या टोकास काळी शेपटी फुटते. निवडलेल्या चौकटीत फिल्म धरणाऱ्या साच्याची कड आली तर उजवीकडे एक सुळका उभा राहतो. फिल्मच्या कडेचे छिद्र आले तर डावे टोक फिल्मच्याही पलीकडे, उघड्या दिव्यावर जाऊन बसते व सारे चित्र फिकट होते. आयतालेखात ह्या सर्वांचे स्तंभ सारखेच असतात. कोणता स्तंभ लुगड्याचा व कोणता धुळीचा हे चित्रात जाऊन पाहिल्याशिवाय समजण्याचा मार्ग नाही.

काळ्या टोकाच्या बाबतीत मात्र फिल्मने स्वतःच एक खूण करून ठेवलेली असते, आणि तिची उपेक्षा व्हावी ह्याचे मला नवल वाटते. दोन चित्रांमधील जी कोरी पट्टी असते तिच्यावर प्रकाश पडलेलाच नसतो. फिल्मचा आधार व धुलाईत आलेली किंचित झाक, एवढीच तिची घनता. त्या फिल्मवर तिच्याहून काळे असे दृश्यातील काहीही नोंदले जाऊ शकत नाही. डावे टोक डोंगराच्या सुरुवातीवर न ठेवता ह्या पट्टीवर ठेवले तर धुक्यातल्या सकाळीला काळा रंग नसतो ही गोष्ट चित्रात टिकते, आणि एका रिळातील सर्व चित्रांना एकच माप लागते. हिस्टोग्रामचा नियम प्रत्येक चित्राला वेगळे माप लावतो; मग दुपारच्या व संध्याकाळच्या चित्रांची तुलना करणेच अशक्य होते, कारण दोन्ही सारखीच ताणून सारखीच ‘पूर्ण’ केलेली असतात. गावोगावच्या उच्चारांची लांबी मोजावयाची आणि प्रत्येक गावासाठी रबरी पट्टी वेगळी ताणावयाची, तशातला हा प्रकार आहे.

सॉफ्टवेअरला स्वतःच पातळ्या लावू दिल्या तर आणखी एक गोष्ट घडते. दोन-चार भटके पिक्सेल टोक अडवून बसू नयेत म्हणून अशी सॉफ्टवेअरे दोन्ही टोकांचा अल्प अंश सोडून देतात. हा अंश हजारात एक आहे असे धरू. ३५ मिलिमीटर फिल्मची एक चौकट इंचाला ४,००० बिंदूंनी स्कॅन केली तर सुमारे २ कोटी १४ लाख पिक्सेल होतात. त्यांचा हजारावा हिस्सा सुमारे २१ हजार. आता निगेटिव्हवर अर्धा मिलिमीटर लांब व तितकीच रुंद असलेली ज्योत सुमारे ६,२०० पिक्सेल व्यापील. म्हणजे त्या स्वयंपाकघरातील चिमणीची ज्योत मोजणीच्या दृष्टीने सोडून देण्याजोगी ठरते. संपूर्ण चित्रातील उजेड जिच्यामुळे आहे तीच वस्तू भटकी! तिला पांढरेपणाच्या पलीकडे ढकलले की तिच्या खालची सारी चित्रसृष्टी वर ओढली जाते. मधला त्रिकोणही काळ्या टोकाकडे सरकविला की माळ्यावर दिवस उजाडतो. केंद्रातील मनुष्याने काही लबाडी केली असे मी म्हणत नाही. वारंवारतेच्या कोष्टकात एकदाच येणारा शब्द दुर्लक्षणीय मानावा आणि तोच नेमका ग्रंथाचा विषय असावा, असे आपल्याही हातून होत असते.

येथे आपल्या भाषेतील काही शब्दांचा विचार उपयोगी पडेल. पांढऱ्या रंगाच्या परमावधीसाठी मराठीत पांढराशुभ्र आणि पांढराफटक असे दोन शब्द आहेत. ते मोजपट्टीवरील दोन खुणा नव्हेत. धुतलेले धोतर शुभ्र असते, भ्यालेल्याचा चेहरा फटक पडतो. एकात तेज आहे, दुसऱ्यातून काहीतरी निघून गेले आहे. काळाभोर व काळाकुट्ट ह्यांचेही तसेच. केस काळेभोर, रात्र काळीकुट्ट. बोलणारा आधी वस्तू पाहतो व मग छटेला नाव देतो. अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स व फ्रेड आर्चर ह्यांनी १९३९-४० च्या सुमारास लॉस अँजेलिस येथे रचलेल्या झोन पद्धतीची दिशाही हीच आहे. तीत छायाचित्रकार प्रथम एखादी वस्तू निवडतो, बर्फ, झाडाची साल किंवा चेहऱ्याची सावलीतील बाजू, आणि ती शुद्ध काळ्यापासून शुद्ध पांढऱ्यापर्यंतच्या कोणत्या विभागात यावी हे ठरवून मग प्रकाश घेतो. हिस्टोग्रामने पातळ्या लावणारा उलट चालतो: आधी छटा व तिची संख्या, वस्तू नंतर किंवा कधीच नाही. कापड आणि ज्योत दोन्ही २५५ वर गेली की शुभ्र आणि फटक ह्यांतील भेद त्या प्रतीपुरता पुसला जातो. टोकाच्या पातळीवर उभा राहिलेला सुळका पाहून असा लोप झाला आहे एवढे मात्र हिस्टोग्राम निःसंदिग्धपणे सांगतो, आणि ह्या एका कामी डोळ्यापेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवणे अधिक शहाणपणाचे आहे.

रंगीत फिल्मच्या बाबतीत नियमाची बाजू अधिक भक्कम आहे, हे मान्य केले पाहिजे. रंगीत निगेटिव्हच्या आधाराला नारिंगी झाक असते; ती काढण्यासाठी तांबडा, हिरवा व निळा ह्या तिन्ही वाहिन्यांच्या पातळ्या वेगवेगळ्या लावाव्याच लागतात. जुन्या रंगीत चित्रपटांच्या प्रतींतील निळसर हिरवा रंग विटून सारे चित्र तांबूस होते, तेव्हाही तीन वाहिन्यांचे तीन डोंगर एका रेषेत आणणे हा बहुतेक वेळा पहिला व उपकारक उपाय ठरतो. परंतु चित्र विटल्यामुळे तांबूस आहे की त्यात सूर्य मावळत आहे, हे त्या तीन डोंगरांना विचारून उपयोग नाही. दोन्ही वेळी ते तसेच सरकलेले असतात.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. निगेटिव्ह हे चित्र नव्हेच. अंधाऱ्या खोलीत मुद्रित काढणारा कारागीरही अमुक श्रेणीचा कागद घेऊन, हाताची सावली धरून, छटा आपल्या मनाप्रमाणे लावीत असे. मग संगणकावरच रोष का? शिवाय माझी फिल्म तरी त्या बाईंचे डोळे कोठे होती? काळोखाला सरावलेल्या डोळ्यास जे दिसते ते १/१५ सेकंदात फिल्मने टिपले असेल असे नाही, आणि उलटही. आक्षेपाचा हा दुसरा भाग मला पूर्ण मान्य आहे. बाईंना माळा दिसत नव्हता ह्याचा पुरावा ध्वनिमुद्रणात आहे, चित्रात नाही, आणि चित्राचा आधार मी जितका घेतला तितका घ्यावयास नको होता. पहिल्या भागास उत्तर इतकेच की, कारागिराचे मुद्रित हे कोणीतरी केलेले वाचन आहे हे सर्वांस ठाऊक असे. पातळ्या लावलेले स्कॅन मात्र ‘काहीही फेरफार केलेला नाही’ अशी ग्वाही घेऊन येते.

पाठचिकित्सेत हा प्रश्न आपण सोडविलेला आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत, जिचे आदिपर्व १९३३ साली व संपूर्ण काम १९६६ साली पुरे झाले, वर एक स्वीकृत पाठ आहे आणि खाली हस्तलिखितांतील पाठभेद आहेत. जेथे स्वीकृत पाठाविषयी पूर्ण खात्री नाही तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ आहे. संपादकाने निर्णय घेतला नाही असे नाही. निर्णय कोठे घेतला व किती विश्वासाने घेतला हे त्याने पानावर ठेवले. स्कॅनिंगच्या कामात ह्याच्या तोडीचे काही करावयाचे तर ते अवघड नाही. टोके न ताणलेली, सोळा बिटांतील एक प्रत जशीच्या तशी राखावी, तिच्यात कोरी पट्टीही येऊ द्यावी. शक्य तर ज्ञात घनतेच्या पायऱ्या असलेली करडी पट्टी त्याच यंत्रावर स्कॅन करून सोबत ठेवावी. आणि वापरासाठी काढलेल्या प्रत्येक प्रतीपुढे तीन त्रिकोणांचे तीन अंक व ते तसे लावण्याचे कारण लिहावे. जागा अधिक लागते, वेळही लागतो. बाहेरच्या केंद्रांकडून हे करून घेणे सोपे नाही, कारण त्यांचे गिऱ्हाईक उजळ चित्रावर खूश असते.

त्या स्वयंपाकघराचे निगेटिव्ह मी ह्या रीतीने पुन्हा स्कॅन करविले आहे. काळे टोक कोऱ्या पट्टीवर व पांढरे टोक ज्योतीच्याही वर ठेवल्यावर सारा डोंगर डावीकडे दाटीने उभा राहतो आणि उजवीकडील बहुतेक जागा रिकामी राहते. कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकाने हा हिस्टोग्राम सदोष ठरविला असता. चित्रात बाईंचा अर्धा चेहरा, चुलीचा जाळ, चिमणी आणि तिच्यामागे हाताएवढी भिंत दिसते. माळा दिसत नाही. वर्णनपत्रकातील ‘दिवसा’ हा शब्द खोडून तेथे ‘संध्याकाळी, चूल व चिमणी ह्यांच्या उजेडात’ असे लिहिले आहे. केंद्राकडून आलेली प्रत मी टाकून दिलेली नाही. ‘वस्तू मोजण्यासाठी उजळलेली प्रत, हिच्यावरून प्रकाशाविषयी अनुमान करू नये’ अशी नोंद करून ती दुसऱ्या क्रमांकावर ठेवली आहे. तीत माळ्यावर सात टोपल्या मोजता येतात. ध्वनिमुद्रणात नावे पाचच आहेत. उरलेल्या दोन बाईंना दिसल्या नाहीत, आठवल्या नाहीत, की सांगावयाच्या नव्हत्या, हे ठरविण्यास ह्या दोहोंपैकी कोणतीच प्रत पुरेशी नाही.